मूल बोलायला शिकतं आणि स्वतःला आवरायलाही : नव्या पालकांसाठी आणि बालवाडीत नव्यानं रुजू झालेल्यांसाठी

तीन-साडेतीन वर्षांचं मूल ठोकळे रचत असेल तेव्हा जरा लांब बसून ऐका. ‘हा मोठा खाली. हा वर. पडेल... हळू, हळू.’ समोर कोणी नसतं आणि हे कोणाला सांगायचंही नसतं. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी 1920च्या दशकात या बोलण्याला आत्मकेंद्री म्हटलं. मूल मोठं झालं की ते गळून पडतं, असं त्यांचं मत. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की (1896–1934) यांना ते पटलं नाही. त्यांच्या मते हे बोलणं गळत नाही, आत जातं. आधी आई म्हणते ‘हळू’, मग मूल स्वतःलाच मोठ्यानं ‘हळू’ म्हणतं, मग नुसतं पुटपुटतं, आणि पुढे ओठही हलत नाहीत. काम अवघड झालं की हे पुटपुटणं वाढतं, हेही त्यांनी नोंदवलं. म्हणून पहिली सूचना अगदी सोपी: स्वतःशी बोलणाऱ्या मुलाला ‘काय बडबडतोस?’ म्हणून गप्प करू नका. ते कामात आहे.

स्वतःला आवरणं आणि भाषा या दोन गोष्टी अशा एकमेकींत गुंतलेल्या असतात. घरोघरी मात्र त्यांची वाटणी झालेली दिसते: शिस्त वेगळी, अभ्यास वेगळा. शिस्तीच्या वेळी आपण शब्द कमी करतो आणि आवाज चढवतो. अभ्यासाच्या वेळी मुलालाच गप्प बसवतो. दोन्हीकडे नुकसान भाषेचं होतं, आणि भाषेबरोबर संयमाचंही.

‘स्वनियमन’ हा शब्द भारदस्त आहे, पण त्याच्या पोटात तीन साध्या क्षमता आहेत. सांगितलेलं डोक्यात धरून ठेवणं, मनात आलेली पहिली गोष्ट लगेच न करणं, आणि नियम बदलला की आपणही बदलणं. वाचायला शिकताना या तिन्ही लागतात. शेवटच्या अक्षरापर्यंत पोचेतो पहिलं लक्षात ठेवावं लागतं. चित्र बघून काहीतरी ठोकून द्यायचा मोह आवरावा लागतो. आणि अर्थावरचं लक्ष काढून आवाजाकडे न्यावं लागतं, जे वाटतं त्यापेक्षा कठीण आहे. चार वर्षांच्या मुलाला विचारा, ‘हत्ती’ हा शब्द मोठा की ‘फुलपाखरू’? पुष्कळ मुलं ‘हत्ती’ म्हणतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर शब्द नसतो, हत्ती असतो.

संशोधनातही हे नातं दोन्ही बाजूंनी दिसतं. अमेरिकेत मेगन मॅक्लेलंड आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतली 310 मुलं अभ्यासली आणि 2007 साली निष्कर्ष मांडले: वर्षभरात ज्यांचा स्वतःवरचा ताबा अधिक वाढला, त्यांची शब्दसंपत्ती, वाचनपूर्व कौशल्यं आणि अंकांची समजही अधिक वाढली. क्लेअर व्हॅलटन आणि कॅथरीन अयूब यांच्या 2011च्या अभ्यासात उलटी दिशा दिसली. दुसऱ्या वर्षाच्या सुमारास ज्यांच्याकडे शब्द जास्त, ती मुलं पुढे स्वतःला अधिक आवरू शकत होती. तिथे बडबड किती करतात यापेक्षा शब्द किती येतात, याचं वजन जास्त होतं.

आता कामाला लागू.

पायरी 1 : अपेक्षा वयाला धरून ठेवा

वर्षाच्या आतलं मूल स्वतःला शांत करू शकत नाही. तुम्ही उचलून घेता, थोपटता, आवाज खाली आणता, तेव्हा ते शांत होतं. या वयात त्याचं नियमन म्हणजे तुम्हीच. दोन वर्षांच्या मुलाला ‘हात लावू नकोस’ हे कळतं, पण कळणं आणि हात मागे घेणं यांत मोठं अंतर असतं. तीन ते पाच या वर्षांत ही क्षमता झपाट्यानं वाढते. तरी मेंदूचा जो पुढचा भाग हे काम करतो, त्याची पूर्ण वाढ व्हायला विशी उलटते. साडेतीन वर्षांच्या मुलानं खेळणं हिसकावलं तर त्यात संस्कारांचा प्रश्न शोधू नये.

व्हिगॉट्स्कींचे सहकारी अलेक्झांडर लुरिया यांचा एक प्रयोग मला फार उपयोगाचा वाटतो. मुलांच्या हातात रबराचा फुगा दिला. एक दिवा लागला की दाबायचा, दुसरा लागला की नाही. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांना स्वतःच ‘दाबू नको’ असं म्हणायला लावलं, तर म्हणता म्हणता ती दाबूनच टाकत! बोलण्याचा जोर हाताला पोचत होता, अर्थ पोचत नव्हता. चौथ्या-पाचव्या वर्षाकडे हे बदलतं.

यातून मिळणारा धडा लगेच वापरता येतो: काय करू नये ते सांगण्याऐवजी काय करावं ते सांगा. ‘पळू नकोस’ ऐवजी ‘हळू चाल’. ‘ओरडू नकोस’ ऐवजी ‘माझ्या कानात सांग’. एका वेळी एक सूचना. चार वर्षांच्या मुलाला दोन चालतील. ‘हातपाय धू, कपडे बदल, दप्तर जागेवर ठेव आणि मग ये’ ही साखळी मधेच तुटणार, आणि आपण म्हणणार की ऐकत नाही.

जाता जाता मार्शमेलोच्या प्रयोगाविषयी. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी मुलांसमोर गोड खाऊ ठेवला आणि थोडं थांबलात तर दुप्पट मिळेल असं सांगितलं. जी थांबली ती पुढे आयुष्यात सरस ठरली, अशी कथा जगभर गेली. 2018 साली बऱ्याच मोठ्या संख्येनं मुलं घेऊन हा प्रयोग पुन्हा तपासला, तेव्हा घरची परिस्थिती आणि आधीची बौद्धिक कौशल्यं लक्षात घेतल्यावर तो संबंध खूपच फिका पडला. तेव्हा घरी खाऊ ठेवून मुलाची परीक्षा घेऊ नका. त्या प्रयोगांत लक्षात ठेवण्यासारखं दुसरंच काही आहे: काही मुलं थांबण्यासाठी नजर फिरवत, गाणं गुणगुणत, स्वतःशी बोलत. थांबायच्या या युक्त्या शिकवता येतात.

पायरी 2 : आधी शांत करा, शब्द नंतर

मूल जमिनीवर लोळण घेऊन आकांत करत असताना समजावणं म्हणजे शब्द वाया घालवणं. त्या वेळी त्याच्या कानावर पडतो तो सूर. खाली बसा, डोळ्यांच्या पातळीवर या, फार तर तीन-चार शब्द बोला: ‘मी आहे. इथेच आहे.’ काही मुलांना जवळ घेतलेलं चालतं, काहींना त्या वेळी स्पर्श नको असतो. हे तुमच्या मुलाचं तुम्हालाच माहीत. आवाज चढवलात तर दोघांपैकी एकही शांत राहत नाही.

श्वास ताळ्यावर आला की नाव देण्याची वेळ येते. इथे मराठीची श्रीमंती हाताशी आहे आणि आपण ती वापरत नाही. सगळ्याला ‘राग आला का?’ विचारतो. पण मनोरा पडला तो हिरमोड असतो. धाकट्या भावाला मांडीवर घेतलं तो हेवा. मोठा आवाज झाला तो धसका. सगळ्यांसमोर पडलो ती लाज. खूप वेळ थांबावं लागलं तो कंटाळा. प्रत्येक शब्दानं मुलाला स्वतःच्या आतलं एक वेगळं दालन दिसतं. आणि जे सांगता येतं ते ओरडून दाखवावं लागत नाही. पामेला कोल आणि सहकाऱ्यांनी दीड ते चार वर्षांपर्यंत मुलांच्या मागे राहून हेच पाहिलं: ज्यांची भाषा लवकर वाढली, ती चौथ्या वर्षी काही मिळण्यासाठी थांबावं लागलं तेव्हा कमी चिडली. ती आधाराची मागणी शांतपणे करत आणि मन दुसरीकडे वळवत.

नाव दिल्यावर तिथेच थांबू नका. पुढे काय करता येईल तेही शब्दांत द्या. असं काहीसं:

‘मनोरा पडला. हिरमोड झाला ना?’

(मूल हुंदके देत मान हलवतं.)

‘पुन्हा रचायचा, की आधी पाणी प्यायचं?’

‘पाणी.’

‘बरं. आधी पाणी, मग मनोरा.’

‘आधी–मग’ ही जोडी लहान दिसते, पण दोन ते चार या वयात तिच्याइतकं उपयोगी वाक्य क्वचितच सापडेल. त्यात क्रम आहे, वाट पाहणं आहे, आणि ‘नाही’ हा शब्द नाही. मात्र ‘मग’ म्हणालात तर ते व्हायलाच हवं. दिलेला शब्द मोठ्यांनी पाळला नाही, तर थांबण्यात काही अर्थ नाही हे मूल पटकन शिकतं, आणि त्याचं चुकत नाही.

पायरी 3 : बोलण्याची देवाणघेवाण वाढवा

1995 साली बेटी हार्ट आणि टॉड रिस्ले यांनी 42 कुटुंबांच्या निरीक्षणावरून मांडलं की काही घरांत मुलांच्या कानावर इतर घरांपेक्षा कोट्यवधी शब्द कमी पडतात. त्या आकड्यावर बराच वाद झाला आणि होतोय. कुटुंबं थोडी होती, आणि घरातल्या इतरांचं बोलणं मोजलंच नव्हतं. पण त्यातून एक गैरसमज रुजला, की मुलासमोर सतत बोलत राहावं. तसं नाही. रेचेल रोमिओ आणि सहकाऱ्यांनी 2018 साली चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या अभ्यासात दाखवलं की ऐकलेल्या शब्दांच्या संख्येपेक्षा संवादातल्या फेऱ्या, म्हणजे तू बोल–मी बोलतो, या मुलांच्या भाषेशी आणि मेंदूच्या भाषेशी निगडित भागाच्या कामाशी अधिक जोडलेल्या होत्या.

करायचं काय? मूल जिकडे बघतंय तिकडे तुम्ही बघा आणि त्याविषयी बोला. त्याचं लक्ष मुंगीवर असताना ‘ते विमान बघ’ म्हणालात तर ना मुंगी राहते ना विमान. ते ‘मुंगी’ म्हणालं की तुम्ही थोडं वाढवून परत द्या: ‘हो, मुंगी. दाणा ओढत चाललीय.’ आणि मग गप्प राहा. हे गप्प राहणंच नवख्यांना जमत नाही. मनात पाच आकडे मोजा. लहान मुलाला ऐकायला, शब्द शोधायला आणि तोंडातून काढायला वेळ लागतो, आणि आपण दुसऱ्या सेकंदाला स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतो. तुमची पाळी, माझी पाळी, मधे थोडं थांबणं: वाट पाहण्याचा हा दिवसभर चालणारा सराव आहे, आणि त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

मुलाचे चुकलेले शब्द दुरुस्त करत बसू नका. ‘मी पाणी पिली’ असं मूल म्हणालं तर ‘अरे वा, तू पाणी प्यायलास?’ एवढं पुरे. ‘असं म्हण, तसं म्हण’ सुरू झालं की बोलणं आखडतं.

पायरी 4 : पुस्तक एकत्र वाचा, आणि मधेमधे थांबा

अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 1988 साली एक पद्धत मांडली. दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना त्यांनी नुसतं वाचून दाखवण्याऐवजी मुलाला बोलतं करत वाचायला शिकवलं. ही मुलं बोलण्याच्या भाषेत महिन्याभरात बरोबरीच्या मुलांच्या पुढे गेली. मुलाला काहीतरी विचारायचं, त्याच्या उत्तराला दाद द्यायची, त्यात एखादा शब्द घालून वाढवायचं, आणि वाढवलेलं वाक्य मुलाला म्हणू द्यायचं.

‘हे काय आहे?’

‘ससा.’

‘हो, ससा. घाबरलेला ससा. बघ, कान कसे मागे टाकलेत. कोण आहे हा?’

‘घाबलेला ससा!’

मग पान उलटा. प्रत्येक चित्रावर हे करू नका. गोष्टीची उलटतपासणी झाली की मूल पुस्तक मिटून पळतं. एका बैठकीत तीन-चार ठिकाणी थांबलात तर भरपूर. ‘हे काय?’ या प्रश्नांवरून हळूहळू ‘आता काय होईल?’, ‘तो का रडतोय?’, ‘तू काय केलं असतंस?’ याकडे सरका. हे प्रश्न भाषेला ताण देतातच, पण दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज घ्यायला लावतात. गोष्टीतला ससा चिडतो, रुसतो, मग शांत होतो. मूल स्वतः शांत असताना, सुरक्षित अंतरावरून, हे सगळं बघून घेतं. पायरी 2 मधले शब्द पेरायला याहून चांगली जागा नाही.

तेच पुस्तक पुन्हा मागितलं तर वैतागू नका. पहिल्या वाचनात गोष्ट कळते, पुढच्यांत शब्द. पाठ झालेल्या पुस्तकात एखादं वाक्य अर्धवट सोडा आणि मुलाला पुरं करू द्या. योग्य जागा येईपर्यंत ते कसं दम धरून बसतं ते पाहा.

बालवाडीत जोडीनं वाचण्याची एक छान रीत आहे. एलेना बोद्रोवा आणि डेबोरा लिओंग यांनी 1990च्या दशकात व्हिगॉट्स्कींच्या विचारांवर उभ्या केलेल्या कार्यक्रमातली ही. दोन मुलं, एक पुस्तक. एकाच्या हातात ओठांचं चित्र, दुसऱ्याच्या हातात कानाचं. ओठवाला चित्रं बघून गोष्ट सांगणार, कानवाला ऐकणार. मग चित्रांची अदलाबदल. चार वर्षांच्या मुलाला ‘आता तू ऐक’ नुसतं सांगून भागत नाही, हातातलं कानाचं चित्र ते आठवून देतं. काही आठवड्यांनी चित्राची गरज उरत नाही. त्या पूर्ण कार्यक्रमाच्या परिणामांबाबत पुढच्या अभ्यासांत एकमत झालेलं नाही, पण ही एक युक्ती उचलायला कार्यक्रम घ्यावा लागत नाही.

पायरी 5 : नियमांचे खेळ, आणि खोटंखोटं

गाणं थांबलं की पुतळा व्हायचं, हा खेळ सगळ्यांना माहीत आहे. त्याला एक वळण द्या: संथ गाण्यावर जोरात नाचायचं, जलद गाण्यावर हळू. किंवा ‘डोकं’ म्हटलं की पायाची बोटं धरायची आणि ‘पायाची बोटं’ म्हटलं की डोकं. मॅक्लेलंड यांच्या अभ्यासात मुलांची चाचणी अशाच खेळाची होती. ऐकायचं, लक्षात ठेवायचं, पहिला झटका आवरायचा आणि उलटं करायचं, तेही हसत हसत. बाद करायची पद्धत मात्र टाळा. ज्याला सरावाची गरज सर्वांत जास्त तेच मूल सर्वांत आधी बाहेर बसतं, हा कसला खेळ?

डॉक्टर-पेशंट, दुकान-दुकान हे खेळ याहून मोलाचे. पेशंट झालेल्या मुलाला पेशंटसारखंच पडून राहावं लागतं, उठून सुई हिसकावता येत नाही. एरवी दोन मिनिटं स्थिर न राहणारं मूल भूमिकेत शिरलं की राहतं. खेळ सुरू होण्याआधी विचारा: ‘तू कोण होणार? काय काय करणार?’ पाच वर्षांच्या मुलाला ते कागदावर काढायला सांगा. रेघोट्या चालतील. बेत आखून तो कागदावर उतरवणं हीच लेखनाची सुरुवात.

पायरी 6 : आवाज आधी, अक्षर मागाहून

‘शाळेत जायच्या आधी मुळाक्षरं यायला हवीत’ ही घाई मला पटत नाही. कानाची तयारी आधी हवी. यमक जुळवा, खोटे शब्द चालतील: पाणी, गाणी, टाणी! शब्दांना टाळ्या वाजवा: गा-डी, बा-हु-ली. इथे देवनागरीची एक गंमत ध्यानात ठेवा. ‘कमळ’ लिहिताना अक्षरं तीन, पण बोलताना ‘क-मळ’ असे दोनच ठोके पडतात. मुलानं दोन टाळ्या वाजवल्या तर ते बरोबर ऐकतंय. त्याला तिसरी टाळी वाजवायला लावू नका. सुरुवातीला असे शब्द घ्या जिथे टाळ्या आणि अक्षरं जुळतात: मामा, गाडी, काठी, बाहुली.

मग पहिला आवाज: ‘मासा’, ‘माळ’, ‘मामा’, सगळे कशानं सुरू होतात? यानंतर अक्षर दाखवलं की त्याला चिकटायला जागा तयार असते. पहिलं अक्षर मुलाच्या स्वतःच्या नावातलं घ्या. पहिली वेलांटी सगळ्यांना अडवते, कारण ती लिहायची व्यंजनाआधी आणि म्हणायची नंतर. तिथे मूल अडखळलं तर दोष लिपीचा, मुलाचा नाही. एकच अक्षर पानभर गिरवायला लावण्यापेक्षा वाचताना शब्दांखालून बोट फिरवा. डावीकडून उजवीकडे जायचं हे त्यातूनच कळतं.

पायरी 7 : झोप, स्क्रीन, दिनक्रम

याबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली दिलेल्या सूचनांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसा-रात्री मिळून 11 ते 14 तास झोप हवी, तीन-चार वर्षांच्या मुलांना 10 ते 13 तास. दोन वर्षांच्या आत बसून स्क्रीन बघणं नकोच, त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर उत्तम. अपुरी झोप झालेल्या मुलावर वरच्या सहाही पायऱ्या चालणार नाहीत. रडणाऱ्या मुलाच्या हातात फोन दिला की ते गप्प होतं खरं, पण आवरण्याचं काम फोननं केलेलं असतं. दिवसाचा क्रम चित्रांत काढून भिंतीवर लावा. ‘आता काय?’ याचं उत्तर मूल स्वतः तिथे जाऊन शोधतं, आणि तेही वाचनच.

कधी तपासून घ्यावं

मुलांचा वेग वेगवेगळा असतो, पण काही खुणा ‘बोलेल हळूहळू’ म्हणून सोडून देऊ नयेत. बारा महिन्यांपर्यंत बा-बा, दा-दा असे आवाज नाहीत किंवा बोट दाखवणं, हात हलवणं नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडलेले नाहीत. किंवा कोणत्याही वयात आलेले शब्द नाहीसे झाले. अशा वेळी आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि कानांची तपासणी करून घ्या. ‘ऐकतच नाही’ अशी तक्रार असलेल्या मुलांपैकी काहींना खरोखरच कमी ऐकू येत असतं, कधी कधी कानात साठलेल्या पाण्यामुळे. पुढे वाचा-उपचारतज्ज्ञ लागतील का ते तिथे ठरेल.

घरात दोन भाषा आहेत म्हणून बोलणं लांबलं, असं कोणी म्हणालं तर ते मानू नका. दोन भाषांमुळे भाषेचा विकार होत नाही. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजा. तपासणीला जाताना मूल काय काय बोलतं त्याची यादी आणि घरी खेळताना फोनवर टिपलेलं दोन-तीन मिनिटांचं चित्रण सोबत ठेवा. अनोळखी खोलीत बरीच मुलं तोंडच उघडत नाहीत.